तिच्यावर किती पाऊस पडला

मामी आता पावसात झोपते. बदलापुरातल्या कात्रपच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीवरचा पत्रा ताशासारखा वाजत असताना, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन ती भर दुपारी गाढ झोपलेली असते. गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हाही तशीच होती. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. ज्या बाईने एवढी वर्षं पावसात डोळ्याला डोळा लागू दिला नाही, ती अशी घोरताना पाहून मला बरं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडी भीतीही वाटली.

देव्हाऱ्याशेजारी काचेचं ते माप उभं होतं. उंच, सरळ, अंगावर बारीक रेघा आणि इंग्रजी आकडे. सुनेने त्यात अगरबत्त्या खोचल्या होत्या. तिला त्याचं दुसरं काय करायचं असतं ते ठाऊक असायचं कारणच नाही. मी अगरबत्त्या काढून ठेवल्या, तळाची राख झटकली आणि सवयीने माप डोळ्यांसमोर धरलं. त्यातून खिडकीबाहेरचा पाऊस वाकडा दिसला. चंदनाच्या वासाखालून तो जुना वास आला. गंजलेला पत्रा, ओलं गवत, आणि कोळशाच्या इस्त्रीने किंचित करपलेला मामाचा शर्ट.

ते माप मामाच्या गावचं. गाव आता नाही, म्हणजे दिसत नाही. बदलापूरहून एसटीने डोंगर ओलांडून गेलं की धरणाच्या मागच्या अंगाला ते होतं. धरणाची उंची वाढली, गाव उठलं आणि त्याच्या जागी पाणी येऊन बसलं. एखादा उन्हाळा फार कडक असला तर वैशाखात पाणी इतकं मागे सरतं की काही घरांची जोती उघडी पडतात. लोक ती बघायला मोटारसायकलवरून येतात, फोटो काढतात आणि चिखलाला शिव्या घालत परत जातात.

मी लहान असताना मला तिथे ठेवलं होतं. का, ते कुणी सांगितलं नाही. आमचं घर अंबरनाथला, दोन खोल्यांत भावंडांची खेचाखेच. एक पोर कमी झाल्याने कुणाचं काही अडलं नसणार. मामा-मामीच्या घरात तेव्हा मूल नव्हतं. ‘त्यांच्याकडे एक पोर असू दे,’ एवढंच आई कुणाला तरी म्हणताना मी ऐकलं होतं. मग मी तिथल्याच शाळेत गेले, तिथल्याच ओढ्यात खेकडे धरले आणि काही पावसाळे तिथलीच झाले.

त्या पावसाळ्यांचं काय सांगू. चुलीवर बांधलेल्या कामट्यांवर आमचे कपडे वाळायचे आणि वाळल्यावर त्यांना सुकटीचा वास यायचा. ओटीवर बकऱ्या, त्यांच्या अंगाची ऊब, गोणपाटाचा कुबट दर्प. भिंतीला हात लावला की भिंतीची ओली माती हाताला लागायची. बेडूक एकदम ओरडायचे आणि एकदम गप्प व्हायचे. त्या गप्प होण्याने मला जाग यायची. आणि जाग आली की दिसायची ती दारात बसलेली मामी, उंबऱ्याला टेकून, बाहेरच्या पाण्याकडे कान लावून.

मामाकडे थोडं भात होतं आणि पाऊस मोजायचं काम होतं. घरासमोरच्या मोकळ्या तुकड्यात सरकारी खात्याने तारेचं कुंपण घालून एक पत्र्याचं नळकांडं सिमेंटच्या चौथऱ्यात बसवलं होतं. वर पितळी कड्याचं नरसाळं, आत बाटली. कागदावर त्याचं नाव पर्जन्यमापक. गावात सगळे डबा म्हणत. डब्याच्या आसपास झाड नको, झाडाच्या उंचीच्या दुपटीइतकी तरी जागा मोकळी हवी, असा नियम होता. म्हणून मामाने दारची जांभूळ स्वतःच्या हाताने तोडली. घरामागच्या करंजाला मात्र हात लावला नाही. करंज लांब आहे, म्हणायचा. तो तितका लांब नव्हता.

रोज सकाळी साडेआठला मामा इस्त्रीचा शर्ट घालायचा. खाली लुंगी असली तरी वर शर्ट इस्त्रीचाच. कुंपणाचं फाटक उघडून आत जायचा, नरसाळं उचलायचा, बाटली काढायचा आणि माप डोळ्यांच्या रेषेत धरून त्यात पाणी ओतायचा. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. कोंबड्यांनीसुद्धा बोलू नये अशी त्याची अपेक्षा असायची. काचेला चिकटून पाण्याची कड जराशी वर चढते, तिला भुलायचं नाही, मधे खोलगट दिसतं तिथला आकडा धरायचा, हे त्याने मला शिकवलं. रात्रीचा पाऊस सकाळच्या तारखेवर लिहायचा, असाही एक नियम होता. त्यामुळे मी बरीच मोठी होईपर्यंत समजत होते की सरकारात पाऊस एक दिवस उशिरा पडतो.

गावाने त्याचं नाव पावसाचा तलाठी ठेवलं होतं. ‘काय तलाठी, आज वसुली किती?’ असं पारावरून कुणीतरी विचारायचंच. मामा रागवायचा आणि मग आकडा सांगायचा.

भात कापून खाचरात पसरलं की मात्र गावातल्या बायका थट्टा करत नसत. कुणी ना कुणी टोपली घेऊन यायची आणि डब्याच्या तोंडावर पालथी घालायची. डब्याने आ केला की पाऊस तो भरायला येतो, असं तिथे पक्कं मानलेलं होतं.

‘अगं, डब्यामुळं पाऊस येतो का पावसामुळं डबा भरतो?’ मामा कावून विचारायचा.

‘त्ये तुमचं तुमी बगा तलाठी. कापनी व्हईस्तवर त्याचं त्वांड झाका.’

बाई वळणावरून दिसेनाशी झाली की मामा टोपली काढायचा. दुसऱ्या दिवशी परत टोपली. एवढ्या वर्षांत दोन्ही बाजूंनी कुणी माघार घेतली नाही.

मोजून झालेलं पाणी मामा कुंपणाबाहेर भिरकावून द्यायचा. घराच्या कुठल्याही अंगाला, वाटेल तिकडे. एकदा त्याने ते मागच्या बाजूला, करंजाकडे फेकलं आणि मामी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. हातात पीठ. ती मामावर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला.

‘तिकडं नका टाकू. पडतोय तेवढा पुरं नाय का?’

मामाने माप खाली ठेवलं आणि तो आत निघून गेला. मी करंजाखाली जाऊन पाहिलं. तिथे चार-पाच दगड होते, गोल, ओढ्यातले, कुणीतरी निवडून आणून मांडल्यासारखे. त्यांच्यावर शेवाळ नव्हतं. त्या पावसात सगळ्या गावात शेवाळ नसलेले तेवढेच दगड.

‘तिथं बाय हाय,’ मामी माझ्यामागे येऊन म्हणाली. त्या बाजूला लहान मुलीला बाय म्हणतात. तिने आधी कधी सांगितलं नव्हतं, आणि मग एकदम सगळं सांगितलं, आवाजात काही नसल्यासारखं, भाकरी थापायला बसून. मी यायच्या आधी तिला मुलगी झाली होती. थोडे दिवस जगली. आषाढात गेली. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, म्हणून मामाने आणि गावातल्या दोघांनी तिला करंजाखाली ठेवलं. ओली बाळंतीण म्हणून मामीला दाराबाहेर येऊ दिलं नाही. बाहेर पाऊस धो धो पडत होता. मामा परत आला तेव्हा तिने एकच विचारलं होतं, खड्ड्यात पाणी होतं का.

‘म्हनले, नाय. कोरडं व्हतं. करंजाखाली पडत नाय, म्हनले.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीचा माणूस म्हणून मामा डब्याकडे गेला. मामी दारातून बघत होती. माप भरलं, ओतलं. परत भरलं, परत ओतलं. बाटली संपेना. तिने मोजदाद ठेवली नाही, पण तिला समजायचं ते समजलं. त्या दिवसानंतर पावसाच्या बाबतीत तिने कुणाच्याही तोंडावर विश्वास ठेवला नाही, फक्त काचेवर ठेवला. रोज मामा फाटक लावून वळला की ती विचारायची, ‘किती?’ आणि तो आकडा सांगायचा. मला वाटायचं, ती भाताच्या काळजीने विचारते. ती विचारत होती, आज तिच्यावर किती पडला.

तेव्हापासून मलाही दुसरं काही ऐकू येईनासं झालं. छपरावर पाऊस वाजला की मला करंज आठवायचा. एवढंसं बाळ, अंगावर दगड, दगडांवर पाणी. मामी कधी रडली नाही. तिला फक्त एवढंच हवं होतं की पोर कोरडी असावी. या एका गोष्टीसाठी ती जन्मभर झुरली, आणि ही गोष्ट आमच्या त्या मुलखात, त्या डोंगराखाली, देवालाही जमणारी नव्हती.

आषाढात ती करंजाखालच्या दगडांवर इरलं घालून यायची. पळसाची पानं आणि बांबूच्या कामट्या यांचं इरलं असतं ना, आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला वाकताना बायका डोक्यावरून पाठीवर घेतात, ते. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कडेवर धोंडा ठेवायची. एका सकाळी मी उठून बाहेर आले तर कुंपणात कुणीतरी ओणवं उभं होतं. आवणी करतात तसं, खाली वाकून, हलत नव्हतं. मी हाकही मारली. मग दिसलं की ते नुसतं इरलं आहे, डब्यावर बसवलेलं. नीट, तोंड झाकेल असं.

मामा आला. इस्त्रीचा शर्ट, लुंगी. त्याने इरलं उचललं, बाटली काढली, माप धरलं. रात्रभर पाऊस कोसळत होता, ओढ्याचा आवाज घरात येत होता, बकऱ्या भिजून ओरडत होत्या, आणि बाटलीत थेंब नव्हता.

‘वारा,’ मामा म्हणाला.

फाटकाला कडी होती. धोंडा करंजाखालीच होता, जसाच्या तसा, फक्त त्याच्याखाली इरलं नव्हतं. मामी कितीतरी वेळ त्या डब्याकडे बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘बायनंच घातलं आसंल. त्यो डबा भिजतो ना रोज.’

मामाने वही उघडली. त्याने त्या दिवशी शून्य लिहिलं. जे मापात दिसतं ते लिहायचं, हा नियम त्याने कधी मोडला नव्हता. कुठल्यातरी कपाटात आजही ते असेल, की अमुक दिवशी आमच्या गावात पाऊस पडला नाही.

आणि पौषातल्या सकाळी. आकाश कोरडं ठणठणीत, गवत पिवळं, शेकोटीजवळून हलवत नाही अशी थंडी. मामा नेमाने डब्याकडे जायचा. पाऊस नसला तरी ‘नाही’ असं लिहावं लागतं. कधीकधी बाटलीत घोटभर पाणी असायचं. ‘दव,’ म्हणून तो ओतून टाकायचा. एकदा त्याने बाटली माझ्या हातात दिली आणि मी ती जवळजवळ टाकलीच. ती कोमट होती. रात्रभर पत्र्याच्या डब्यात, त्या गारठ्यात राहून कोमट. मी मामाकडे बघितलं. त्याला ते ठाऊक होतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. ‘दव हाय,’ तो परत म्हणाला, आणि माझ्या हातातून बाटली काढून घेतली.

पुढे मला अंबरनाथला परत आणलं, तेही का ते कुणी सांगितलं नाही. मामीला नंतर मुलगा झाला, सुनील. गाव उठलं तेव्हा तो मिसरूड फुटलेला होता. खात्याची माणसं डबा काढून घेऊन गेली. सिमेंटचा चौथरा तेवढा राहिला. माप मात्र मामाने दिलं नाही, फुटलं म्हणून सांगितलं. कात्रपला बिऱ्हाड आलं, आणि मामा त्यानंतर फार जगला नाही. तिथल्या गॅलरीतून त्याला पावसाची दिशाच कळत नसे, याची त्याला चीड यायची.

आणि मामी रात्र रात्र जागीच. आता तर मोजायलाही कुणी नाही. नुसता वरून पडणारा पाऊस नव्हे, अख्खं धरण तिच्या पोरीवर उभं होतं, पण धरणाचं ती कधी बोलली नाही. माणसाच्या मनाला केवढं दुःख पेलतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तिने आपलं पावसाचंच धरून ठेवलं. मला फोन करायची. ‘तिकडं किती, पोरी?’

मला कुठून ठाऊक असणार. पण कुणी रोज विचारत राहिलं की माणूस उत्तर शोधायला लागतो. मी अंबरनाथजवळच्या चिखलोलीला नव्या इमारतीत राहायला आले आणि गच्चीवर माझा स्वतःचा डबा बसवला, प्लास्टिकचा. सोसायटीच्या सेक्रेटरींना तो फार दिवस संशयास्पद वाटत होता. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या पाऊसवेड्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मी शिरले. रोज सकाळी साडेआठनंतर आम्ही आपापले आकडे टाकतो. उल्हासनगरच्या कॅम्पातली कविता आमची म्होरकी. कपड्याचं दुकान, सिंधी कुटुंब, आणि डोक्यात चोवीस तास ढग. तिनेच मला फोनवर रडारचं चित्र बघायला शिकवलं. मुंबईहून किरण सोडतात, तो थेंबांवर आपटून परत येतो, आणि नकाशावर हिरवा, पिवळा, लाल पाऊस उमटतो.

मी ते मामीला दाखवलं. ती चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसली. बदलापूर लाल होतं, अंबरनाथ पिवळं. डोंगरामागे, जिथे गाव होतं तिथे, काहीच रंग नव्हता.

‘तिथं पडत नाय?’ तिने विचारलं. तिच्या आवाजात काय होतं ते मी कधी विसरणार नाही. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. त्या रात्री ती झोपली असती.

पण मी कविताला विचारलेलं होतं. ‘दीदी, रडार सीधा देखता है ना,’ ती म्हणाली होती, ‘पहाड के पीछे उसको काय दिसणार? आणि आपल्याकडचे ढग नीचे नीचे असतात. किरण ऊपर से निकल जाता है. तिथे पाऊस धो धो होगा, पण दिसणार नाही.’

मी मामीला तसंच सांगितलं. पडत असेल, मामी. फक्त दिसत नाही.

तिने फोन परत दिला. ‘तुजा मामा म्हनला व्हता कोरडं हाय,’ ती म्हणाली. ‘तू तरी खरं सांगितलंस.’ आणि ती उंबऱ्याशी जाऊन बसली. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा संगमरवरी उंबरा, त्याला टेकून.

मागच्या चैत्रात ते चित्र बदललं. आभाळात कापसाएवढा ढग नाही, ऊन असं की रस्त्यावर चप्पल चिकटावी, आणि सकाळी मी सहज रडार उघडलं तर सगळा नकाशा कोरा आणि डोंगरामागे एक हिरवा ठिपका. जिथे कधीच काही दिसत नाही नेमकं तिथे. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत, तिळभर हलला नव्हता.

‘अरे दीदी, तो पाऊस नाही,’ कविता फोनवर हसली. ‘गर्मी में सुबह हवा ऐसी होती है, किरण मुडून जमिनीला लागतो. डोंगर, पाणी, कुछ भी पाऊस जैसा दिखता है. थोडी देर में जाईल.’

‘जात नाहीये ना. रोज त्याच जागी आहे.’

बघते म्हणून तिने फोन ठेवला. ‘होगा काहीतरी,’ शेवटी तिने लिहिलं. ‘आप मत देखो.’

मी मामीला सांगणार नव्हते. पण फोन कसा बघायचा ते मीच तिला शिकवून ठेवलं होतं, आणि सुनीलने तिला जुना फोन दिला होता. वैशाखात मी गेले तर ती गॅलरीत, कडक उन्हात उभी. तोंड सुकलेलं. सुनील म्हणाला, ती जेवत नाही, आडवी होत नाही, नुसती फिरते.

‘ऊन हाय, आनि तिच्यावर पडतोय,’ ती मला म्हणाली. ‘येकटीवर. मला तितं ने.’

‘हिच्या गुडघ्यांची वाट लागलीय, ताई,’ सुनील म्हणाला. ‘जिन्याने खाली उतरताना देव आठवतात. आणि तिथे आहे काय आता? चिखल.’

‘पानी उतारलंय,’ मामी म्हणाली. ‘औंदा नाय दिसली तर मंग मला कुठली दिसते.’

त्याला ते समजलं. पुढच्या सकाळी लवकर त्याने स्वतः रिक्षा ठरवून दिली आणि तिला पाठीवर घेऊन चार मजले उतरला.

रस्ता संपला तिथून आम्ही दोघी चालत गेलो. धरणाचं पाणी लांब, एका रेषेसारखं. मधे सगळी भेगाळलेली माती, करडी, पावलाखाली खपल्या मोडत होत्या. पक्षी नव्हते. एवढ्या उघड्या जागेत आवाज कसा नसतो, ते मी तिथे पाहिलं. मामी माझ्या दंडाला धरून चालत होती आणि प्रत्येक जोत्याशी थांबून कुणाचं घर ते सांगत होती, जशी काही माणसं आत जेवायला बसली आहेत.

आमचं जोतं गाळाने बुजलेलं होतं. करंज नव्हता, खोडही नव्हतं, दगड नव्हते, सगळं सपाट. मामी गोल गोल फिरली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. एवढ्या वर्षांनी ती पोरीच्या दाराशी आली होती आणि तिला दार सापडत नव्हतं.

मला सिमेंटचा चौथरा दिसला. वरची कड तेवढी उघडी होती. मी त्यावर उभी राहिले आणि मामाच्या घरामागच्या परसदाराकडे तोंड केलं. तितका लांब नसलेला करंज कुठे होता, ते माझ्या पायांना ठाऊक होतं. मी चालत गेले आणि थांबले, कारण पुढे पाय टाकायची हिंमत झाली नाही.

कोसभर सुकलेल्या त्या मातीत एक ओला गोल होता. सुपाएवढा. काळा, ताजा, कडा लखलखीत. आजूबाजूची माती भेगांनी फाटलेली, आणि त्या गोलाला भेग नव्हती. मी वर बघितलं. आभाळ पांढरं पडलं होतं उन्हाने.

मामी बसली. गुडघे वाकत नव्हते तरी बसली. तिने पदराचं टोक घेतलं आणि ती ओल पुसायला लागली, न्हाणीतून काढलेल्या मुलाचं डोकं पुसतात तशी, हलक्या हाताने. पदर भिजला. पिळला, परत पुसलं. माती परत काळी झाली. मी माझी ओढणी दिली. तीही भिजली. मला पळून जावंसं वाटत होतं, हे मी आजही कबूल करते.

मग मामीचा हात थांबला. तिने तळवा त्या ओलीवर सपाट ठेवला आणि मान कलती केली, पावसात दारात बसून करायची तशी.

‘वरनं आलेलं नाय हे,’ ती म्हणाली. ‘खालनं येतंय.’



‘आमी पाऊस मोजीत बसलो, पोरी,’ मामी म्हणाली. ‘लेकरू रडत व्हतं.’

आणि ती थोपटायला लागली. मांडीवरच्या बाळाला थोपटतात तसं, एका लयीत, मातीवर. गाणं नाही, शब्द नाही, नुसता घशातला एक आवाज. त्या मोकळ्या रानात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी बाजूला बसले. भीती होतीच, पण तिला उठवलं नाही. कितीतरी वेळाने ऊन डोक्यावर आलं, माझी सावली पायाखाली गेली, तरी ती थोपटतच होती, आणखी हळू, आणखी हळू, मूल डोळे मिटायला लागलं की आई करते तशी.

मग तिने हात उचलला आणि तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली. तळवा माझ्यापुढे धरला. कोरडा होता.